बॅलन्सर काढून क्रँक हलका करावा का? (१९८ सीसी सिंगल, फक्त ट्रॅकसाठी)

एक_सिलिंडर

नमस्कार मंडळी. गाडी फक्त ट्रॅकवर चालवतो. एअर-कूल्ड सिंगल (एकच सिलिंडर), बोअर ६६ मिमी, स्ट्रोक ५८ मिमी, म्हणजे १९८ सीसी. कनेक्टिंग रॉड मध्यापासून मध्यापर्यंत १०५ मिमी. लिमिटर नऊ हजारावर. बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) वाजायला लागला म्हणून इंजिन खोललं आणि आता क्रँक, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकांचं चाक), बॅलन्सर (हादरे मारायला क्रँकच्या उलट फिरणारा वजनाचा शाफ्ट) सगळं टेबलावर मांडून बसलोय. केस पुन्हा लवकर उघडणार नाही, तेव्हा जे काही करायचं ते याच खेपेला उरकावं असा विचार आहे.

दुखणं असं आहे. दुसऱ्या गिअरच्या बारीक वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल उघडला की गाडी उचल घ्यायला वेळ लावते. वरच्या आरपीएमला तक्रार नाही. ट्रॅकवर ओळख झालेल्या एकाने तीन उपाय सुचवले: बॅलन्सर काढून टाक, तो ताकद खातो, क्रँकच्या पात्यांचा (क्रँकपिनच्या दोन बाजूंच्या जाड चकत्यांचा) घेर खरादून अर्धा किलो उतरव, आणि २ मिमी ऑफसेट पिन (मध्य सरकवलेली क्रँकपिन) टाकून स्ट्रोक ६२ कर.

पिस्टन नवा घेतलाय. तो आणि त्याची गजनपिन (पिस्टन रॉडला जोडणारी पिन) मिळून जुन्या जोडीपेक्षा ३० ग्रॅम हलके भरले, दोनदा वजन केलं. क्रँकपिन नवी प्रेस करून आणली. घरी व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावला तर मॅग्नेटच्या टोकाला ०.०८ मिमी दाखवतोय. प्रेस करणारा म्हणाला, एवढं चालतं.

तर बॅलन्सर काढू का, अर्धा किलो नेमका कुठून उतरवू, आणि हे आठ शतांश खरंच चालतात का? ज्यांनी स्वतः हाताने केलंय त्यांनी सांगावं.

लांबउडी

मी काढलाय. माझी गाडी सरळ रेषेत पळवायची आहे, एक धाव काही सेकंदांची. दोन सीझन झाले, इंजिन शाबूत आहे. बॅलन्सर गेला की एक शाफ्ट, दोन बेअरिंगं आणि एक गिअर कमी, फिरवायचं वजन कमी. यामाहाची एसआर५०० १९७८ मध्ये आली ती बॅलन्सरशिवायच, ५०० सीसीचा एकटा पिस्टन घेऊन, आणि लोक अजून ती चालवतात. हादरे बसतात, पण ट्रॅकवर आरामासाठी कोण जातं? काढा. फक्त त्या शाफ्टकडे जाणारं तेलाचं भोक आधी बुजवा, नाहीतर प्रेशर तिथूनच गळेल.

डायलगेज

एक_सिलिंडर, तुमच्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देतो, पण क्रम माझा. गेली बावीस वर्षं मी प्रेस केलेले क्रँक सरळ करतोय आणि बॅलन्सर काढण्याची चूक माझ्या हातून एकदा झालेली आहे, तिची किंमतही मोजलेली आहे. ते पुढे येईलच.

आधी आठ शतांश. चालत नाहीत. माझ्याकडून क्रँक बाहेर जातो तो दोन्ही टोकांना ३ शतांश किंवा त्याच्या आत असेल तरच. मॅग्नेट त्या टोकावर टांगलेला असतो, बेअरिंग वाकडं चालतं आणि ९००० ला ते टोक सेकंदाला दीडशे वेळा झोके खातं. एकच आकडा घेऊन थांबू नका. दोन्ही टोकांना एकेक डायल लावा, क्रँक सावकाश फिरवा आणि चढ नेमका कुठे येतो ते खडूने पात्यावर लिहा. चढ पिनच्या रेषेत येत असेल तर पाती पिनपाशी फाकलीत किंवा मिटलीत. चढ पिनच्या रेषेशी काटकोनात येत असेल तर एक पातं पिनवर किंचित फिरलंय. फिरलेलं पातं तांब्याच्या हातोड्याने घेरावर ठोकून परत येतं. एक ठोका, मग डायल, मग दुसरा ठोका. फाकलेली पाती पिनच्या समोरच्या बाजूला पाचर घालून सरळ होतात, मिटलेली असतील तर तीच बाजू व्हाइसमध्ये दाबायची. घाईने दहा ठोके मारले की कुठल्या ठोक्याने काय झालं ते कळत नाही आणि पिनची पकडही ढिली होते. मला एका क्रँकला वीस मिनिटंही लागतात आणि अख्खी दुपारही.

आता बॅलन्सर. तो ताकद खातो म्हणतात, तर किती खातो ते काढूच. यासाठी सरकणारं वजन लागतं: पिस्टन, गजनपिन, रिंगा, सर्क्लिप आणि कनेक्टिंगच्या वरच्या डोळ्याचा (पिस्टनकडच्या टोकाचा) वाटा. तुमच्या मापाच्या इंजिनात जुन्या पिस्टनसकट हे २५० ग्रॅमच्या आसपास येईल, तेच धरतो. अर्धा स्ट्रोक २९ मिमी. ९००० ला या वजनाच्या वरखाली जाण्याची मुख्य ओढ (क्रँकच्या वेगाने येणारी) साधारण ६४४० न्यूटन निघते, म्हणजे ६५६ किलोचं वजन टांगल्यासारखी. क्रँकचं काउंटरवेट (पात्यांवर पिनच्या समोर ठेवलेलं वजन) यातली निम्मी सांभाळतं, बॅलन्सर उलटा फिरून उरलेली निम्मी. म्हणजे बॅलन्सरच्या बेअरिंगांवर मिळून ३२२० न्यूटन. बॉल बेअरिंगचा घर्षण गुणांक ०.००१५ आणि शाफ्ट १७ मिमीचा धरला तर खर्च येतो ३९ वॉट. एका हॉर्सपॉवरचा एकोणिसावा भाग. दातांचं घर्षण आणि तेल घुसळणं धरून हा आकडा काही पटींनी वाढवलात तरी वळणातून बाहेर पडताना तो तुम्हाला जाणवणार नाही.

तेल घुसळण्याचा मुद्दा मात्र हलक्यात घेऊ नका. यामाहाच्याच सत्तरच्या दशकातल्या टीएक्स७५० मध्ये बॅलन्सरची वजनं तेलाचा फेस करायची आणि बेअरिंगांना तेल कमी पडायचं. तेव्हा ट्रॅकवर "जरा जास्त असू दे" म्हणून खुणेच्या वर तेल भरत असाल तर ते आधी बंद करा. बॅलन्सर काढण्याने जे मिळेल असं वाटतं, त्यातलं काही इथेच मिळेल.

आता काढला तर काय होतं ते बघा. पिस्टनची वरखाली ओढ म्हणजे दोन फिरत्या ओढींची बेरीज असते: एक क्रँकच्या दिशेने फिरणारी, दुसरी उलट फिरणारी, दोन्ही निम्म्या निम्म्या. पहिली काउंटरवेट मारतं, दुसरी बॅलन्सर. तो काढलात की उलट फिरणारी ३२२० न्यूटनची ओढ तशीच उरते. सव्वातीनशे किलो, सेकंदाला १५० फेऱ्या. ती सिलिंडरच्या रेषेतही खेचते, आडवीही खेचते, आणि सगळी क्रँककेसमधून फ्रेममध्ये जाते. मी हे २५० च्या एका सिंगलवर केलं होतं. आधी कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलमध्ये पेट्रोल फेसाळून वरच्या आरपीएमला मिक्श्चर बिघडायला लागलं. मी जेट बदलत बसलो, दोन आठवडे. मग मागच्या माउंटिंगचा कान केसपासून तडकला. केसच गेली. त्या इंजिनात ताकद एक दाणाभरही वाढली नव्हती. वळणात वेळ तोच येत होता, मी वहीत लिहून ठेवलेला होता.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: क्रँकच्या मेन बेअरिंगांवर येणारा भार बॅलन्सरने कमी होत नाही आणि काढल्याने वाढतही नाही. तो काउंटरवेटवर ठरतो. बॅलन्सर वाचवतो ते केसला, फ्रेमला आणि चालवणाऱ्याला. म्हणून "काढला तरी इंजिन शाबूत आहे" यावरून फार काही सिद्ध होत नाही.

लांबउडी, एसआर५०० चं उदाहरण बरोबर आहे, पण ते इंजिन पहिल्यापासून बॅलन्सर नाही असं धरूनच आखलं होतं. काउंटरवेट, माउंटिंग, फ्रेम, सगळं त्या हिशेबाने. इथे ५० टक्क्यांवर (म्हणजे काउंटरवेट निम्म्या सरकणाऱ्या वजनाचं) बसवलेला क्रँक आहे, जोडीदार असणार हे गृहीत धरून. तुम्ही काढलात तेव्हा क्रँक तसाच ठेवला होता की काउंटरवेट वाढवलं होतं? खरंच विचारतोय.

आता अर्धा किलो. तुमच्या दुखण्याला औषध इथे आहे, पण ते गिअरप्रमाणे बदलतं. ५० मिमी त्रिज्येवरून ५०० ग्रॅम उतरवले असं समजा. पहिल्या गिअरला क्रँक ते चाक एकूण रिडक्शन २७ (क्रँकच्या २७ फेऱ्यांना चाकाची एक) आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली तर गाडीचं वजन दहा किलोने कमी झाल्यासारखं वाटेल. टॉप गिअरला रिडक्शन ९ च्या आसपास येतं, तिथे तोच अर्धा किलो जेमतेम एक किलोसारखा. दुसऱ्या गिअरचा आकडा मधे कुठेतरी. म्हणून उचल बदलते, टॉप स्पीड नाही. आणि बॅलन्सर? तो समजा ४०० ग्रॅमचा असला तरी त्याचं वजन मध्याच्या जवळ असतं, २० मिमी धरा. तो काढून पहिल्या गिअरला सव्वा किलोचा फायदा. एवढ्यासाठी केस तडकवायची?

क्रँकच्या पात्यांना हात लावू नका. तुमच्या क्रँकच्या पात्याला पिनच्या बाजूला मटेरियल कापलेलं असेल, बहुतेकांना असतं. अशा पात्याचा घेर खरादला की काउंटरवेटच्या बाजूचं जास्त जातं, पिनच्या बाजूचं कमी, आणि बॅलन्स बिघडतो. वरून पिनच्या भोकाभोवतीची भिंत पातळ झाली तर पकड जाते. वजन मॅग्नेटमधून काढा, बाहेरच्या अंगाने, लेथवर सेंटरला धरून, आणि पहिल्या खेपेला अडीचशे-तीनशे ग्रॅमच. पिकअपचा (स्पार्कची वेळ सांगणाऱ्या सेन्सरचा) उंचवटा आणि चुंबकांच्या मागची भिंत यांना धक्का लागता कामा नये. ९००० ला फुटलेला मॅग्नेट कव्हर फोडून पायाकडे येतो. आयडल थोडं वाढवावं लागेल आणि थ्रॉटल बंद केल्यावर मागचं चाक पूर्वीपेक्षा जास्त ओढ खाईल. निसरड्यावर चालवणारे तर उलट मॅग्नेटला वजन जोडतात, पकड मिळावी म्हणून.

स्ट्रोक ६२ चं मी तरी या खेपेला करणार नाही. १९८ चे २१२ सीसी होतात, पण पिस्टन टॉपला २ मिमी वर येतो आणि खाली २ मिमी जास्त उतरतो. व्हॉल्व्ह, स्कर्ट, काउंटरवेट सगळ्यांच्या फटी नव्याने बघायच्या, आणि ओढ जवळजवळ ७ टक्क्यांनी वाढते ती वेगळी.

खरं काम तुमच्या ३० ग्रॅममध्ये आहे आणि त्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही. पिस्टन हलका झाला, पण काउंटरवेट आणि बॅलन्सर जुन्या पिस्टनसाठीच आहेत. तसंच बसवलंत तर ते ३० ग्रॅम सिलिंडरच्या रेषेत उलट्या बाजूने ओढत राहतील, ९००० ला ७७० न्यूटनच्या वर. हलका पिस्टन टाकल्यावर हादरे वाढले असं सांगत माणसं येतात, त्याचं कारण हे. १५ ग्रॅम क्रँकमधून आणि १५ ग्रॅम बॅलन्सरमधून काढायचे, दोन्ही २९ मिमीच्या त्रिज्येचे. क्रँकवर ४० मिमी त्रिज्येला भोक घेतलंत तर एकूण ११ ग्रॅम पुरतात, म्हणजे दर पात्याला साडेपाच. ८ मिमीच्या ड्रिलने १४ मिमी खोल. बॅलन्सरचं वजन मध्याच्या जवळ असतं म्हणून तिथे जास्त काढावं लागतं, १८ मिमीवर भोक असेल तर २४ ग्रॅम.

पण भोक पाडण्यापूर्वी क्रँक आहे तिथे खरंच ५० टक्क्यांवर आहे का ते बघा. कनेक्टिंग आडवं धरून खालचा डोळा टेकवा, वरचा डोळा काट्यावर ठेवा, तो आकडा लिहा. मग क्रँक दोन समतल धारांवर ठेवायचा, कनेक्टिंग मोकळं लोंबू द्यायचं आणि त्याच्या वरच्या डोळ्याला वजन टांगायचं: सरकणाऱ्या एकूण वजनाच्या निम्मं, वजा वरच्या डोळ्याचा आकडा. कुठेही सोडला तरी क्रँक जागेवर राहिला तर ५० टक्के.

लांबउडी

विचारलंत म्हणून सांगतो. क्रँक तसाच ठेवला नव्हता. काउंटरवेटमध्ये टंगस्टनचे गोल ठोकून ६५ टक्के केलं होतं. मागच्या उत्तरात ते लिहायला हवं होतं, ते न वाचता कोणी नुसता शाफ्ट काढला असता तर माझ्यामुळे काढला असता. सरळ धावेसाठी मी अजूनही काढलेलाच ठेवेन, माझ्या फ्रेमला आडवे हादरे सोसतात. वळणांच्या ट्रॅकवर तासभर चालवायची गाडी असेल तर डायलगेज म्हणतात ते ऐका.

डायलगेज

धन्यवाद, आता चित्र पुरं झालं. ६५ टक्क्यांवर सिलिंडरच्या रेषेत ३५ टक्के ओढ उरते आणि आडवी ६५. ती कमी होत नाही, वळवता येते. तुमच्या फ्रेमला कुठली दिशा सोसते ते तुम्ही बघितलंत, ते रीतसर काम आहे.

आणि रेससाठी बॅलन्सर नकोच असतो असं वाटणाऱ्यांसाठी: डुकाटीची सुपरमोनो, १९९३, ५४९ सीसी सिंगल, १०,००० आरपीएमची शुद्ध रेस गाडी. त्यांनी गिअरचा बॅलन्सर घेतला नाही हे खरं, पण त्याच्या जागी क्रँकपिनवर दुसरा कनेक्टिंग रॉड टाकला, ९० अंशात, एका लिव्हरला जोडलेला. न दिसणाऱ्या दुसऱ्या पिस्टनसारखा. एवढा खटाटोप त्यांनी आरामासाठी केला नव्हता.

एक_सिलिंडर

तीन आठवड्यांनी लिहितोय, काम संपल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

दोन डायल लावल्यावर चढ पिनशी काटकोनात निघाला, म्हणजे पातं फिरलेलं होतं. तांब्याचा हातोडा आणला, सात ठोके लागले, प्रत्येकानंतर डायल. आता मॅग्नेटच्या टोकाला ०.०३ आणि क्लचच्या टोकाला ०.०२. प्रेस करणाऱ्याला जाऊन दाखवलं, त्याने मान्य केलं.

वजनं: जुना पिस्टन १३५, गजनपिन ४०, रिंगा आणि सर्क्लिप १२, वरचा डोळा ६३. बरोबर २५० ग्रॅम, तुम्ही धरलेत तेवढेच. ६२ ग्रॅम टांगून क्रँक धारांवर ठेवला, कुठेही सोडला तरी थांबला. मग भोकं पाडली आणि ४७ ग्रॅम टांगून पुन्हा बघितलं. पहिल्यांदा काउंटरवेटची बाजू किंचित खाली यायची, एक पातं अर्धा मिमी आणखी खोल घेतलं, मग थांबला. बॅलन्सरला १० मिमीची दोन भोकं, एकूण २४ ग्रॅम. मॅग्नेटमधून २८० ग्रॅम.

जोडताना एक चूक होता होता राहिली. बॅलन्सरच्या गिअरवर दोन खुणा आहेत, एक ठिपका आणि एक रेघ, आणि मी ठिपका समोर आणून केस बंद करणार होतो. ठिपका की-वेचा (शाफ्टवरच्या खाचेचा) आहे, जुळवायची ती रेघ. एका दाताचा फरक पडला असता.

वळणातून गाडी आता लगेच उठते. आयडल दोनशेने वाढवावं लागलं. सात हजारापर्यंत हँडल पूर्वीपेक्षा शांत आहे. पण आठच्या पुढे फूटरेस्टला एक बारीक, फार जलद मुंगी येते, ती पूर्वीही होती. काही राहिलं का?

डायलगेज

काही राहिलेलं नाही. तुमच्या गिअरला ४० दात असतील तर एक दात म्हणजे ९ अंश, आणि तेवढ्याने नव्या पिस्टनच्या ओढीच्या ८ टक्के मोकळे सुटले असते, साधारण ४५ किलो. चुकलं असतं तर हँडलनेच सांगितलं असतं.

ही मुंगी दुसऱ्या क्रमाची आहे. कनेक्टिंग तिरकं होत जातं म्हणून पिस्टन टॉपला जास्त झटक्याने वळतो आणि बॉटमला कमी. त्यातून दुप्पट वेगाचा हादरा निघतो, ९००० ला सेकंदाला ३००. तुमच्या २९ आणि १०५ च्या प्रमाणात तो पहिल्या ओढीच्या २७ ते २८ टक्के येतो. क्रँकच्या वेगाने फिरणाऱ्या बॅलन्सरला तो मारता येत नाही, लांब कनेक्टिंगने फक्त कमी होतो. फूटरेस्टला रबर घाला किंवा आत वजन भरा. पहिलं तेल कधी बदलणार?

एक_सिलिंडर

कालच सोडलं, दोन सत्रांनंतर. ड्रेन बोल्टच्या चुंबकाला करड्या रंगाची पातळ पेस्ट होती, बोटावर कण लागला नाही. फिल्टर कापून उलगडला, तोही स्वच्छ. तेल खालच्या-वरच्या खुणांच्या मधोमध भरलंय. फूटरेस्टमध्ये आज शिशाचे तुकडे भरतो.